‘ते होतं आपोआप!’

सकाळचे नऊ अठ्ठावन्न. एसीचं तत्काळ तिकीट काढायचंय. लॉगिन झालंय, कॅप्चाने एकदा छळून झालंय आणि बोट माऊसवर तयार आहे. दहाच्या ठोक्याला दोन जातींचे लोक शर्यतीत उतरतात. एक, ज्यांनी आई-बाबांची नावं, वयं आणि लोअर बर्थची पसंती ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधीच भरून ठेवलीय. ते नुसती टिक करतात आणि पुढे सटकतात. दुसरे, जे अजून बाबांच्या वयाचा हिशोब करतायत. त्यांचं काय होतं ते सांगायला नको. वेटिंग लिस्ट झिंदाबाद!

या मास्टर लिस्टलाच आपण ऑफिसवाले लोक टेम्प्लेट म्हणतो. एकदाच नीट डोकं लावायचं, मग तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. इतकी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीने आमच्या घरात एक असा प्रश्न उभा केला, जो गेल्या बावीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. तीच ही गोष्ट.

मी हिंजवडीत एका कंपनीत प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर आहे. म्हणजे दिवसभर कुणी, काय, कधीपर्यंत करायचं याचे चौकोन भरायचे आणि ते भरले नाहीत म्हणून लोकांच्या मागे लागायचं. गाव माझं कन्नड. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी मागे टाकून धुळ्याच्या रस्त्याला लागलात की साधारण साठ किलोमीटरवर आमचं तालुक्याचं गाव. एका बाजूला गौताळ्याचं अभयारण्य, जवळच पितळखोऱ्याची लेणी, आणि पुढे औट्रम घाट. घाट उतरलात की चाळीसगाव, म्हणजे खानदेश सुरू. आमच्याकडच्या निम्म्या सोयरिकी या घाटावरूनच वर-खाली करतात. आणि त्या सोयरिकींवर माझ्या काकांचं मंगल कार्यालय चालतं.

लाल वही आणि कच्चं बुकिंग

एक हॉल, मागे लॉन, वर आठ खोल्या, स्वयंपाकाची शेड आणि भांड्यांचं स्टोअर. एवढा संसार. बुकिंगला एक लाल कापडी बांधणीची वही. पेन्सिलने लिहिलं म्हणजे कच्चं बुकिंग, ॲडव्हान्स मिळाला की पेनने पक्कं. गंमत बघा, आज बाजारात जितकी बुकिंग सॉफ्टवेअर आहेत, त्या सगळ्यांत हाच पेन्सिल-पेनचा फरक असतो. फक्त त्याला टेंटेटिव्ह आणि कन्फर्म्ड म्हणतात!

वहीत तारीख, पार्टीचं नाव, फोन, ठरलेली रक्कम. बस. त्या दिवसाआधी आणि नंतर जी कामं करावी लागतात, ती वहीत कुठेच नव्हती. ती माणसांच्या डोक्यात होती.

मागच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं की काकूच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख विचारली, तेव्हा काकूने पंचांग बघून पौष सांगितला. कारण पौषात लग्नं नसतात! म्हणजे बाईंना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा कार्यालयाच्या सीझनची काळजी जास्त. पण पौषानंतर माघ येतोच. ऑपरेशननंतर काही आठवडे तरी जिन्याचं नाव काढायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आणि आठ खोल्या तर वरच्या मजल्यावर.

माझ्या चुलत भावाने तोपर्यंत बुकिंग सॉफ्टवेअर घेऊन टाकलं होतं. हॉल, लॉन, रिसॉर्ट असं सगळं चालवणाऱ्यांसाठीचं. कॅलेंडर भरून झालं होतं, लाल वही कपाटात गेली होती. पण त्यात एक ‘टास्क’ नावाचं बटण होतं, ते कुणी उघडलेलंच नव्हतं. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, हे तुझ्या लाईनचं आहे. बघ ना जरा.’’

चार दिवसांची सुट्टी. फराळाचं ताट मांडीवर, लॅपटॉप पुढ्यात. बघितलं.

यादी तर आपल्या रक्तात

खरं तर टेम्प्लेट ही काही सिलिकॉन व्हॅलीने आपल्यावर केलेली कृपा नाही. मराठी लग्नात ती आधीपासून आहे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून कोणी काय करायचं ते कागदावर उतरवतात, त्याला आपण ‘याद’ म्हणतो. ती उतरवली आणि त्याच बैठकीत लग्न उरकलं, की ‘यादी पे शादी’. आचाऱ्याकडे जा. शंभर पानांना तांदूळ किती, डाळ किती, तेल किती हे त्याला तोंडपाठ असतं. तीनशे पानं म्हटलं की तो नुसता तिनाने गुणतो, आणि मग मीठ-मसाल्याला मात्र गुणाकार सोडून हाताचा अंदाज लावतो. गुरुजींकडे पूजेच्या साहित्याची छापील यादी असते. किराणा दुकानदाराकडे तर महिन्याच्या वाणसामानाचा छापील कागदच असतो, नुसते आकडे भरायचे.

म्हणजे वस्तूंच्या याद्या आपल्याकडे भरपूर. पण कामांची यादी? ती कुणी करत नाही. कारण वस्तू विकत आणावी लागते, तिला पैसे पडतात. काम मात्र ‘होतं’.

या ‘होतं’ शब्दाकडे लक्ष ठेवा. पुढे तो फार महागात पडणार आहे.

बटणामागे काय आहे?

सॉफ्टवेअरचं म्हणणं सोपं होतं. कामांचा एक साचा बनवा. प्रत्येक कामाला चार गोष्टी द्या: काय करायचं, कोणी करायचं, कधी करायचं आणि झालं हे कसं ओळखायचं. ‘कधी’साठी तारीख लिहायची नाही. लग्नाच्या दिवसापासून मोजायचं. तीस दिवस आधी, सात दिवस आधी, आदल्या दिवशी, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. बुकिंग पक्कं झालं की सॉफ्टवेअर त्या साच्याची प्रत काढून त्या बुकिंगला चिकटवतं आणि तारखा आपल्या आपण भरतं. कच्च्या बुकिंगला काही नाही. उगाच पेन्सिलवाल्या पार्टीसाठी डिझेल कशाला भरून ठेवायचं?

लग्न पुढे ढकललं, घरात सुतक आलं, तर एक तारीख बदलायची. सगळी कामं त्याच्या मागोमाग सरकतात. रद्द झालं, तर कामंही जातात. आणि एक बारकावा, जो विकणाऱ्याने डेमोतच सांगितला होता: साचा आज बदललात, तर तो नव्या बुकिंगला लागतो. आधी निघालेल्या प्रती जुन्याच राहतात. म्हणून सीझनच्या तोंडावर साचा बदलायचा नाही, पौषातच बदलून ठेवायचा.

आमचा पौष यायला जवळपास दोन महिने होते. म्हणजे डेडलाईनही आयती मिळाली.

काकांची चोवीस, आणि उरलेली

पहिल्या संध्याकाळी काका आणि भाऊ बसले. काका सांगत गेले, मी टाईप करत गेले. तीस दिवस आधी पार्टीला फोन करून माणसांचा अंदाज घेणे. सात दिवस आधी उरलेली रक्कम. जनरेटरचं डिझेल. बोअर आटली असेल तर टँकर सांगून ठेवणे. अग्निशामक सिलिंडरची तारीख तपासणे. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, हे डीजेवाल्याला आधी सांगणे, कारण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि डीजेवाल्यांना दर लग्नात ते पहिल्यांदाच कळतात! भांडी मोजून देणे, मोजून घेणे. डिपॉझिट परत करणे.

चोवीस कामं झाली. काकांनी हात झटकले. ‘‘झालं. एवढंच असतं.’’

मी विचारलं, ‘‘काका, वरच्या खोल्या कोण तयार करतं?’’

‘‘ते होतं.’’

‘‘गाद्यांच्या खोळी?’’

‘‘त्या धुतलेल्या असतात.’’

‘‘कोण धुतं?’’

‘‘अगं, ते होतं आपोआप!’’

आता सॉफ्टवेअरचा एक फार मोठा गुण आहे. ते कुणाच्या घरचं नसतं. त्याला संकोच नाही, मानपान नाही. ‘कोणी करायचं’ हा चौकोन रिकामा सोडला, तर ते लाल पट्टी दाखवतं आणि पुढे जाऊच देत नाही. ‘आपोआप’ नावाचा माणूस त्याच्या यादीत नव्हता.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. मग जरा वेळाने म्हणाले, ‘‘तुझी काकू.’’

काकूची मुलाखत

पुढच्या दोन संध्याकाळी काकूबरोबर बसले. सुरुवातीला ती दादच देईना. ‘‘काय लिहू राहिली गं? त्यात काय लिहायचं?’’ हे तिचं पालुपद. तिच्या मते ती काही कामच करत नव्हती, नुसती ‘बघत’ होती. मग मी युक्ती बदलली. म्हटलं, ‘‘काकू, उद्या लग्न आहे असं समज. आज सकाळी उठल्यापासून सांग.’’

मग जे सुरू झालं! खोल्यांतल्या गाद्या उन्हात टाकणे. खोळी बदलणे. प्रत्येक खोलीत पाण्याचा माठ, एक जास्तीची सेफ्टी पिन, आरसा पुसलेला. नवरीच्या खोलीला आतून कडी नीट लागते का बघणे. बाथरूममधला गीझर तासभर आधी लावणे, पण दोन एकदम लावायचे नाहीत, फ्यूज उडतो. चौरंग, पाट, अंतरपाट एका पिशवीत घालून स्टोअरच्या दाराशी ठेवणे, कारण गुरुजी ऐनवेळी तेच मागतात. वाढप्यांचं जेवण बाजूला काढून ठेवणे, नाहीतर शेवटी त्यांना नुसता भात उरतो. पंगत उठल्यावर हरवलेल्या वस्तूंची टोपली: एक पैंजण, लहान बाळाचं टोपरं, कुणाची तरी कवळी. हो, कवळीसुद्धा! तीन दिवस सांभाळायची, फोन येतोच.

आणि वॉचमनच्या बायकोला सांगणं, कारण उरलेलं अन्न कुणाला कधी द्यायचं हे तिला बरोबर माहीत असतं. आणि नळाची ती एक तोटी, जी उलटी फिरते.

सगळं झाल्यावर मी विचारलं, ‘‘अजून काही?’’ काकू जरा थांबली. म्हणाली, ‘‘नवरी जेवली का ते विचारायचं.’’

काका हसले. ‘‘हे काय सॉफ्टवेअरमध्ये घालणार का?’’

काकू म्हणाली, ‘‘सकाळपासून उपाशी असते हो पोरगी. शालू नेसवला की तिला कुणी विचारतच नाही. सगळे म्हणतात, दुसऱ्याने विचारलं असेल.’’

घातलं. काम क्रमांक त्रेचाळीस.

मग मी रिपोर्ट काढला. एकूण त्रेचाळीस कामं. काका आठ, मॅनेजर नऊ, वॉचमन चार, इलेक्ट्रिशियन तीन. आणि काकू एकोणीस. चोवीस जी काकांनी सांगितली, ती सगळी इतरांची. एकोणीस जी ‘आपोआप’ होत होती, ती सगळी एकटीची. बिलात हॉलचं भाडं होतं, विजेचं होतं, भांड्यांचं होतं, डिझेलचं तर लिटरवर होतं. या एकोणीस कामांचा रुपयासुद्धा कुठे नव्हता.

काकूने स्क्रीनकडे बघितलं. म्हणाली, ‘‘एवढं मी करत होते?’’ आवाजात तक्रार नव्हती. नवल होतं. मला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

एक विमान आणि एक मराठी आडनाव

यादीला लोक कमी लेखतात. ‘हुशार माणसाला यादी कशाला?’ असा एक रुबाब असतो. त्या रुबाबावरचा जुना इलाज अमेरिकेतला आहे. ३० ऑक्टोबर १९३५. ओहायोतल्या राईट फील्डवर बोईंगचं नवं चार इंजिनांचं मॉडेल २९९ चाचणीसाठी उडालं आणि कोसळलं. विमान ठीक होतं, वैमानिक अनुभवी होता. जमिनीवर असताना शेपटाचे हलणारे भाग अडकवून ठेवणारं लॉक काढायचं राहून गेलं होतं, इतकंच. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीच्या पलीकडे गेलं होतं. मग वैमानिकांनी काय केलं? जास्त हुशार वैमानिक शोधले नाहीत. छोटी चेकलिस्ट केली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून १२ हजारांहून अधिक संख्येने बनलं.

ही गोष्ट जगभर पोचवणारा माणूस आडनावाने आपला आहे. बोस्टनचे सर्जन अतुल गवांदे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आला: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. या यादीतला एक मुद्दा मला फार आवडतो. थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. नर्सनेही, सर्जननेही. म्हणजे ‘आपोआप’ला तिथेही जागा नाही.

पण थांबा, नाण्याला दुसरी बाजू आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या १०१ हॉस्पिटलांत ही चेकलिस्ट सक्तीने लागू झाल्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. तिथे मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. चेकलिस्ट वापरल्याची नोंद मात्र जवळजवळ सगळीकडे होती! आता याची कारणं काय, यावर डॉक्टरांचे वाद आहेत. पण आपल्या ऑफिसात महिनाअखेरीला भराभर टिका मारणाऱ्या कुणालाही एक कारण सहज सुचेल. टिक मारणं आणि काम करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

घाट कुठे आहे यात?

सॉफ्टवेअरबरोबर एक तयार साचाही फुकट आला होता. इंग्रजीत. त्यात ‘व्हॅले पार्किंग’ होतं, ‘वेलकम ड्रिंक’ होतं. आमच्याकडचा घाट नव्हता.

आता कन्नडमध्ये लग्न आहे आणि वऱ्हाड चाळीसगावकडून येणार आहे, तर घाटाची चौकशी हे पहिलं काम. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ताच बंद पडला होता, ते कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर घाटातून ट्रकसारखी जड वाहनं बंद झाली. म्हणजे डेकोरेशनवाला घाटाखालचा असेल आणि त्याचा मोठा ट्रक असेल, तर नांदगावच्या वळशाचा विचार करून त्याला लवकर निघायला सांगणं आलं. हे पुण्या-बंगळुरात बसून साचा बनवणाऱ्याला कसं कळणार?

म्हणून आम्ही साच्याला एक अट घातली. बुकिंग घेताना विचारायचं, ‘वऱ्हाड किंवा सामान घाटावरून येणार का?’ हो म्हटलं तरच तीन जादा कामं लागतात: दोन दिवस आधी रस्त्याची चौकशी, सामानवाल्याला फोन, आणि मुहूर्ताच्या आधी वऱ्हाडाला घाटाखालून निघाल्याचा फोन करायला सांगणे. नाही म्हटलं, तर ही कामं दिसतच नाहीत. न लागणारी कामं यादीत राहिली, की लोक यादी वाचायचीच सोडून देतात.

आणि भाषा बदलली. ‘हाऊसकीपिंग’ काढून ‘खोल्या झाडून-पुसून’. ‘इन्व्हेंटरी’ काढून ‘पातेली, पराती, झारे मोजणे’. वॉचमन ॲप वापरत नाही, म्हणून प्रत्येक लग्नाचा एक कागद छापून स्टोअरच्या दाराला लावायचा, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. डिजिटल इंडिया आणि दोरीचं पेन, दोघांचं बरं जमतं!

नाव नको, जागा लिहा

आता खरी कसोटी. काकूच्या नावासमोरची एकोणीस कामं कोणाच्या नावावर टाकायची? काका सहज म्हणाले, ‘‘सूनबाई आहे ना.’’

टेम्प्लेटचा धोका इथेच असतो, बरं का! यादी झाली की काम हलवणं एका क्लिकचं होतं. एकीच्या डोक्यावरचं ओझं उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवायला आता भांडणसुद्धा लागत नाही. ड्रॉप-डाऊनमधून नाव बदला, सेव्ह करा. वहिनी तिकडे कांदे चिरत होती, तिच्या हातातली सुरी थांबलेली मला दिसली. ती शाळेत शिकवते. शनिवार-रविवारच्या लग्नांसाठी तिचे शनिवार-रविवार कुणी विचारले होते?

मी म्हटलं, ‘‘काका, ऑफिसात आम्ही माणसाचं नाव लिहित नाही. जागा लिहितो. ‘खोल्यांची व्यवस्था’ अशी एक जागा करू. मग त्या जागेला माणूस शोधू. आणि जागेला पगार असतो.’’

काका गप्प. भावाने कॅल्क्युलेटर काढला. एकोणीस कामांचे तास मांडले, तर एका लग्नामागे दोन बायांची दीड-दोन दिवसांची मजुरी होत होती. ‘‘एवढे पैसे?’’ काका म्हणाले. आणि मग तेच पुढे म्हणाले, ‘‘म्हणजे इतकी वर्षं एवढे वाचत होते.’’ सॉफ्टवेअरने त्यांना काही शिकवलं नाही. आकडा समोर ठेवला फक्त. हिशोबाचा माणूस आकड्याशी भांडत नाही.

गावातल्याच दोन जणी ठेवल्या. बिलात ‘खोल्यांची व्यवस्था’ अशी नवी ओळ आली. घासाघीस करणाऱ्या पार्ट्या त्या ओळीवरही घासाघीस करतात, पण निदान आता ओळ आहे.

पौषात ऑपरेशन झालं. माघात पहिलं लग्न लागलं, तेव्हा काकू घरी पलंगावर, पायाखाली उशी. सकाळपासून तिचे फोन ठरलेले. उलटी फिरणारी तोटी? कागदावर आहे. गीझर? कागदावर आहे. पाचव्या-सहाव्या फोननंतर तिच्या लक्षात आलं की सगळ्याचं उत्तर ‘कागदावर आहे’ हेच येतंय. मग तिने भावाला विचारलं, ‘‘नवरी जेवली का?’’

भाऊ म्हणाला, ‘‘टिक आहे.’’

‘‘टिक नको सांगू. जेवली का?’’

भाऊ वर गेला. नव्या बाईंनी विचारलं होतं. नवरी ‘हो’ म्हणाली होती. ताट तसंच झाकलेलं होतं. मग त्या बाईंनी समोर बसून चार घास खायला लावले. दुसऱ्या दिवशी काम क्रमांक त्रेचाळीसचा मजकूर बदलायची सूचना पलंगावरून आली. आता तिथे लिहिलंय: ‘नवरीच्या समोर बसून तिला खायला घालणे.’ ओंटारिओच्या त्या १०१ हॉस्पिटलांना जे कळायला हवं होतं, ते काकूने एका ओळीत लिहिलं, असं मला आपलं वाटतं.

ती आता जिना चढते. एकोणीसपैकी सहा कामं तिने स्वतःकडे परत घेतली. स्वतः निवडून. बाकीची नको म्हणाली. मध्ये एकदा मला फोनवर विचारत होती, ‘‘सगळं माझ्याशिवाय होऊ राहिलं, मग माझी किंमत काय राहिली गं?’’ मी म्हटलं, ‘‘काकू, आधी तुझ्याशिवाय होत नव्हतं, तेव्हा काय किंमत होती?’’ ती हसली. पण तिचा प्रश्न खोटा नाही. आपल्यावाचून अडतं, यात एक सुख असतं. ते सोडायला वेळ लागतो. ऑफिसात पासवर्ड कुणालाही न देणारे महाभाग आठवा!

आणि तुमच्या ऑफिसात?

पुण्याला परत आल्यावर मी आमच्या टीमकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. नवा जॉइनी आला की त्याला कँटीन कुठे, रजा कुठे टाकायची, कुणाला ‘सर’ म्हणायचं नाही, हे कोण सांगतं? मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं? बर्थडेचा केक कोण आणतं, आणि वर्गणी मागताना कोण वाईट होतं? एचआरला विचारा. उत्तर ठरलेलं आहे. ते होतं!

तुमच्याही टीममध्ये एक काकू असेलच. ती पंचवीस वर्षांची असेल, कदाचित ती म्हणजे एखादा मुलगाही असेल. अप्रेझलच्या फॉर्मवर त्या कामांना रकाना नसतो. म्हणून पुढचं टेम्प्लेट बनवायला बसलात, की एवढं करून बघा.

- काम करणाऱ्यालाच विचारा, त्याच्या साहेबाला नाही. आणि ‘काय काय करतेस?’ असं विचारू नका. ‘काल सकाळपासून सांग’ म्हणा.
- तारीख नको, अंतर लिहा. ‘इव्हेंटच्या सात दिवस आधी’ असं लिहिलेलं पुढच्या वर्षीही चालतं.
- माणसाचं नाव नको, जागा लिहा. माणूस रजेवर जातो, जागा जात नाही.
- ‘झालं’ म्हणजे काय, ते लिहा. ताट दिलं म्हणजे जेवण झालं नाही.
- सगळ्यांत शेवटी मोजा. कुणाच्या नावावर किती कामं आहेत, तो आकडा सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

शेवटचं सोडून बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. शेवटचं आपल्यालाच करावं लागतं. ते काही आपोआप होत नाही.